बटण कुठे आहे ते कोणी सांगत नाही

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या गच्चीवर झालेल्या कोजागरीच्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)

माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, कार्यकारिणीचे सर्व सदस्य, भगिनींनो, बंधूंनो, आणि खुर्ची मिळाली नाही म्हणून पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसलेल्या बालमित्रांनो,

सांस्कृतिक समितीने मला विषय दिला 'माझा परदेश प्रवास'. वेळ दिला पंधरा मिनिटे. मी छत्तीस वर्षे बँकेत काढली आहेत, त्यामुळे दिलेल्या मर्यादेत व्यवहार संपवायची सवय आहे. पण एक अट मी घातली. नायगारा, आयफेल टॉवर, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा यांवर मी काही बोलणार नाही. ते सगळे आपल्या मोबाइलवर माझ्यापेक्षा चांगले दिसते, आणि आपल्या सोसायटीतून आजवर जेवढी मंडळी नायगाराला जाऊन आली, त्या प्रत्येकाने तो रेनकोटमधला फोटो आपल्याला दाखवलेला आहे.

मी बोलणार आहे ते किरकोळ गोष्टींबद्दल. नळ, दिवा, नाणी, कचऱ्याचे डबे. परदेशात माणसाची फजिती मोठ्या ठिकाणी होत नाही. विमानतळावर, व्हिसाच्या खिडकीवर आपण सावध असतो. फाइल घट्ट धरलेली असते, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स असतात. फजिती होते ती बेसावध असताना, रस्ता ओलांडताना किंवा दूध आणताना.

आता विमानतळावरही एक किस्सा झालाच. आमचे आडनाव आपल्याला माहीतच आहे, शेवटी 'कर' येते. बोर्डिंग पासवर नाव, मधले नाव आणि शेवटी मिसेस हे सगळे एकमेकांना चिकटवून छापतात. हिच्या पासवर हिचे नाव, त्याला चिकटून माझे नाव आणि त्याला चिकटून मिसेस. म्हणजे लग्नाच्या गाठीनंतर इतके घट्ट आम्हाला तिथेच बांधले. मधल्या विमानतळावर आम्ही पुढच्या विमानाची वाट बघत बसलो होतो. लाउडस्पीकरवर एक बाई काहीतरी पुकारत होत्या. त्यातले शेवटचे 'कार' एवढेच कळत होते. दोनदा झाले, तीनदा झाले. ही म्हणाली, "बघा, इथंही कुणीतरी दुसऱ्याच्या जागेत कार लावलेली दिसतेय." मलाही पटले. आपल्या सोसायटीत राहणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचणार? पाचव्या वेळी एक गणवेशातला तरुण धावत आला आणि आमचे पास बघून म्हणाला की, अहो, तुम्हालाच बोलावताहेत, विमानाचे दार बंद व्हायची वेळ झाली! आमच्या दोघांच्या आडनावाचा त्यांनी जो उच्चार केला होता, तो आमच्या सात पिढ्यांत कोणी केला नसेल.

मुलगा न्यू जर्सीत आहे. तिथे पहिल्याच सकाळी हिने फोडणी केली. तेल तापले, मोहरी तडतडली, हिंग पडला आणि छतावरून कर्कश शिटी सुरू झाली. ही म्हणाली, "कुकर तर अजून लावलाच नाही!" धुराचा अलार्म तो. नातू सहा वर्षांचा, तो शांतपणे टॉवेल घेऊन आला, खुर्चीवर चढला आणि अलार्मखाली वारा घालू लागला. त्याच्या दृष्टीने फोडणी करण्याची पद्धतच ती: तेल, मोहरी, हिंग, टॉवेल.

हिने इथून मिक्सरही नेला होता. आपला मिक्सर २३० व्होल्टचा, तिथली वीज १२० व्होल्टची. त्यात खोबऱ्याची चटणी लावली तर तो म्हातारा बैल चढावर चालावा तसा चालायचा. दोन मिनिटांनी झाकण उघडले तर खोबरे जसे टाकले तसेच, फक्त जरा दमलेले.

तिथल्या वाचनालयात मी रोज जाऊन बसायचो. त्या स्वच्छतागृहातले दिवे माणसाची हालचाल टिपून लागतात आणि हालचाल थांबली की आपोआप विझतात. आता आमच्या वयाला, आपल्याला समजते आहे, तिथे थोडा वेळ जास्त लागतो. दिवा विझला. मिट्ट काळोख. मग बसल्या जागी दोन्ही हात वर करून ओवाळल्यासारखे केले, तेव्हा उजेड पडला. आरती करून देव प्रसन्न होतो हे ऐकून होतो, तिथे प्रत्यक्ष पाहिले. बाकी त्या खोलीतल्या पाण्याच्या, म्हणजे पाणी नसण्याच्या विषयावर मी बोलत नाही. सभेला भगिनी आहेत, आणि जे जाऊन आले आहेत ते आधीच हसताहेत.

रस्ता ओलांडणे. आपल्याकडे त्याला छाती लागते, तिथे बटण लागते. हे आम्हाला माहीत नव्हते. आम्ही दोघे संध्याकाळी फिरायला निघालो. कोपऱ्यावर सिग्नल. समोरच्या खांबावर नारिंगी रंगाचा पंजा उगारलेला. ही म्हणाली, "आशीर्वाद देतोय, चला." मी हिचा पदर धरून थांबवले. तो पंजा म्हणजे थांबा. चालायचे असेल तेव्हा पांढरा चालता माणूस दिसतो, एवढे मुलाने सांगितले होते. आम्ही थांबलो. गाड्या या दिशेने गेल्या, त्या दिशेने गेल्या, पुन्हा या दिशेने गेल्या. पांढरा माणूस काही येईना. चार फेऱ्या झाल्या. पलीकडचे फुलांचे ताटवे बघायला निघालो होतो, ते इकडूनच बघून झाले. मग कुत्र्याला घेऊन पळणारी एक मुलगी आली. तिने खांबावरचे बटण दाबले, आमच्याकडे बघून हसली, आणि पुढच्या फेरीला पांढरा माणूस हजर! अशा कितीतरी चौकांत बटण दाबल्याशिवाय पायी चालणाऱ्याची पाळी येतच नाही. मुलाला विचारले, हे का सांगितले नाहीस? तो म्हणाला, "बाबा, त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता पैशांची गोष्ट. बँकवाल्याने पैशांवर बोलले नाही तर पेन्शन बंद होईल. मी कारकून म्हणून लागलो तेव्हा पहिली सात वर्षे कॅश काउंटरवर होतो. शंभर नोटांची गड्डी बोटांखालून गेली की त्यातली एक कमी असली तरी बोटाला कळायचे. नोट न बघता सांगायचो कितीची आहे ते. आपल्याकडे ते शक्यही आहे, कारण आपल्या नोटा वेगवेगळ्या मापाच्या असतात. सध्याची दहाची नोट १२३ मिलिमीटर लांब, पाचशेची १५०. दृष्टिहीन माणसालाही त्याची मदत होते. अमेरिकेत एक डॉलरची नोट आणि शंभर डॉलरची नोट एकाच मापाची. आमची सात वर्षांची विद्या पहिल्या दिवशी बाद.

मोबाइलच्या चार्जरला तिथली पिन लागत नव्हती म्हणून एक अ‍ॅडॉप्टर घ्यायला मी एकटाच गेलो. एकटाच, हे महत्त्वाचे. कारण तिथे आपण सतत कोणाच्या तरी गाडीतून, कोणाच्या तरी सवडीने जात असतो. मुलगा-सून कितीही चांगली असली तरी, दोन महिन्यांत आपण पार्सलसारखे होतो. इथून उचलले, तिथे ठेवले. त्या दिवशी दुकान चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि मी ठरवले की हे काम मीच करणार.

किंमत लिहिली होती ९ डॉलर ९९ सेंट. मी दहा डॉलर मोजून हातात ठेवले. एक सेंट परत घ्यायचाच, हा तत्त्वाचा प्रश्न. काउंटरवर अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. ती म्हणाली, "टेन सिक्स्टी-फाइव्ह." मी तिला लेबल दाखवले. तिने मला बिल दाखवले. तिथे लेबलवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, तो काउंटरवर लागतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के. आपल्याकडे छापील किमतीत सगळे कर आलेले असतात, त्यामुळे आपण घरून निघतानाच सुटे मोजून निघू शकतो. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाने ६.६२५ टक्क्यांचा हिशेब तोंडी करावा अशी अपेक्षा. मला तो येतो, पण ते जाऊ द्या.

खिशात चिल्लर होती, मुलाने दिलेली मूठभर. मी तळहातावर घेतली. पासष्ट सेंट काढायचे. ती म्हणाली, "टू क्वार्टर्स, अ डाइम अँड अ निकेल." आता आपल्याकडे क्वार्टर मागणारा माणूस कोणत्या दुकानात जातो ते मी सांगायला नको. निकेल हा धातू, शाळेत शिकलो होतो. डाइम म्हणजे काय ते देव जाणे. नाणी उलटीसुलटी करून बघितली. या रोजच्या चारही नाण्यांवर किंमत आकड्यात कुठेच नाही. दहा सेंटच्या नाण्यावर 'दहा' हा शब्दसुद्धा नाही, 'वन डाइम' एवढेच. आणि हे दहाचे नाणे पाचाच्या नाण्यापेक्षा लहान! एवढेच काय, एका सेंटच्या नाण्यापेक्षाही लहान. किमतीने मोठे ते आकाराने मोठे, या समजुतीने आयुष्य काढलेला मी, मागे पाच माणसांची रांग, आणि तळहातावर ती चिल्लर.

कोणी मागून ओरडले नाही. त्या मुलीने काउंटरवरून वाकून माझ्या तळहातावरचे एकेक नाणे उचलले आणि मोठ्याने मोजले. पंचवीस, पन्नास, साठ, पासष्ट. प्रत्येक नाणे मला दाखवून मग बाजूला ठेवले. उरलेली चिल्लर होती त्याच्यावर माझी बोटे मिटवली आणि म्हणाली, "यू आर ऑल सेट."

मित्रहो, हा किस्सा मी घरी हसत सांगितला आणि सगळे हसले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. पेन्शनच्या दिवशी आमच्या शाखेत अंगठा उठवणाऱ्या आजीबाई यायच्या. पैसे हातात पडले की एकेक नोट वर धरून विचारायच्या, "ही कितीची रे बाबा?" रांग लांब असायची, कोणीतरी मागून म्हणायचे, आजी, आटपा. हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला असेन. पण तो विचारताना माणसाच्या पोटात काय होत असते, ते मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी न्यू जर्सीच्या एका काउंटरवर कळले. आजी अडाणी नव्हत्या. पाच मुले वाढवून, शेती सांभाळून आलेल्या बाया त्या. फक्त त्या काउंटरचे रीतिरिवाज त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या वर्षी मुलीकडे बर्लिनला गेलो. तिथली वीज आपल्यासारखीच, त्यामुळे चटणी झाली. पण तिथे वेगळेच प्रकरण निघाले, बाटल्यांचे.

जर्मनीत प्लॅस्टिकची पाण्याची बाटली घेतली की तिच्यावर २५ सेंट डिपॉझिट असते. रिकामी बाटली दुकानातल्या मशिनमध्ये घातली की ते पैसे परत. डिपॉझिट हा शब्द ऐकून मला किती आनंद झाला ते आपण समजू शकता. हिलाही झाला. मुंबईत माहेरी आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या परत देण्यात तिचे लहानपण गेलेले. तिने आठवडाभरात अकरा बाटल्या जमवल्या. अकरा चोक चव्वेचाळीस नव्हे, अकरा गुणिले पंचवीस, पावणेतीन युरो. आणि जपून, एकही जागा न अडवता ठेवल्या. कशा? तर प्रत्येक बाटली पायाखाली घेऊन, चपटी करून, वर झाकण लावून. आपल्याकडे बाटलीवर छापलेलेच असते की वापरानंतर चुरगळा. नाहीतर कोणीतरी ती पुन्हा भरून विकतो. एवढी शिस्तीची बाई, तिने ते तंतोतंत पाळले.

मशिनने पहिली बाटली गिळली, फिरवली आणि परत बाहेर ढकलली. दुसरी तशीच. त्या मशिनला बाटलीवरची खूण वाचायची असते, त्यासाठी बाटली धड लागते. म्हणजे भारतात न चुरगळणे हा बेजबाबदारपणा आणि जर्मनीत चुरगळणे! मग आम्ही दोघे त्या दुकानाच्या कोपऱ्यात उभे राहून बाटल्यांत तोंडाने हवा भरू लागलो. सत्तरीतली दोन माणसे, एक धोतरवाल्या घराण्यातला आणि एक नऊवारीच्या घराण्यातली, फुगे फुगवावेत तशा बाटल्या फुगवताहेत. सात वाचल्या. एक युरो पंचाहत्तर सेंट. चार बुडीत खाती गेल्या.

आणि आता कचरा. मुलीच्या इमारतीच्या मागच्या अंगणात डब्यांची रांग. कागदाला निळा, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याला तपकिरी, वेष्टणांना पिवळा, आणि कशातच न बसणाऱ्याला काळा. काचेचे पुन्हा वेगळे, त्यात पांढरी काच वेगळी आणि रंगीत वेगळी. मुलगी-जावई ऑफिसला गेल्यावर हिने दुधाचे खोके निळ्या डब्यात टाकले. पुठ्ठ्याचे दिसते, म्हणजे कागद. तेवढ्यात तळमजल्यावरच्या एक आजी बाहेर आल्या, ऐंशीच्या तरी असतील, आणि म्हणाल्या, "नाइन, नाइन!"

ही वर आली आणि मला म्हणाली, "त्या नऊ नऊ म्हणताहेत. नऊ काय? नऊ डबे आहेत का?" जर्मनमध्ये 'नाइन' म्हणजे 'नाही', हे मला तेवढे माहीत होते. आम्ही दोघे खाली गेलो. वाटले, आता चार शब्द ऐकावे लागणार, आणि तेही न कळणारे. पण आजींनी निळ्या डब्यातून खोके काढले, उघडून आतला चकाकता थर दाखवला, आणि ते पिवळ्या डब्यात टाकले. मग हिच्या हातातली पिशवी घेऊन एकेक वस्तू दाखवून विचारू लागल्या. चहाचा चोथा? हिने तपकिरी डब्याकडे बोट दाखवले. आजींनी टाळ्या वाजवल्या. अर्धा तास हा वर्ग चालला. आजी जर्मन बोलत होत्या, ही मराठी बोलत होती, आणि दोघींचे उत्तम चालले होते. मधे मी इंग्रजीत मदत करायला गेलो तर दोघींनी मला गप्प बसवले.

दुसऱ्या दिवशी दाराखालून एक कागद सरकला. त्यावर आजींनी चित्रे काढली होती. केळ्याचे साल, दुधाचे खोके आणि शेजारी एक गाय, वर्तमानपत्र, फुटका कप, आणि प्रत्येकापासून त्या त्या रंगाच्या डब्याकडे बाण. रंगीत पेन्सिलींनी. तो कागद मुलीच्या फ्रिजवर अजून आहे. तिथे आमचे जे दोन महिने गेले, त्यातले दीड महिना ही रोज त्या आजींकडे जात होती. तिला तिथे मुलगी, जावई सोडून कोणाकडेतरी जायला मिळाले, ते त्या एका कागदामुळे.

मुलाचे वाक्य आठवते ना? "त्यात सांगण्यासारखं काय आहे?" जो जिथे राहतो त्याला तिथले काहीच सांगण्यासारखे वाटत नाही. बटण खांबावर आहे, हे त्याला रोज दिसते. म्हणून तर बाहेरून आलेला माणूस चार फेऱ्या उभा राहतो.

आता सेक्रेटरीसाहेबांनी रागावू नये, पण मी घरच्या गोष्टीवर येतो. आपल्या संस्थेला पंचवीस वर्षे झाली. सुरुवातीला आपण सगळे मालक एकदमच राहायला आलो, एकमेकांना विचारत विचारत शिकलो. आता कितीतरी फ्लॅटचे मालक मुलांकडे परदेशात आहेत, आणि तिथे भाड्याने राहणारी मुले ओडिशातून, आसाममधून, बिहारमधून नोकरीसाठी आलेली आहेत. पाणी सकाळी सहा ते साडेसात, हे आपल्याला ठाऊक. लिफ्टची जाळी नीट ओढली नाही तर ती वरच अडकते, हे आपल्याला ठाऊक. सुका कचरा मंगळवारी आणि शुक्रवारीच, हेही ठाऊक. त्या मुलांना हे कोणी सांगितले? आपण फलकावर नोटीस लावली: 'ओला व सुका कचरा एकत्र टाकणाऱ्यांकडून दंड वसूल करण्यात येईल.' शुद्ध मराठीत. खाली फ्लॅट नंबर. ज्याला उद्देशून ती नोटीस आहे तोच एक माणूस ती वाचू शकत नाही!

मागच्या महिन्यात त्यातलाच एक मुलगा रात्री साडेनऊला हातात पिशवी घेऊन डब्यांपाशी उभा होता. या डब्याकडे बघतोय, त्या डब्याकडे बघतोय. हिने गॅलरीतून पाहिले आणि मला म्हणाली, "अहो, तो बघा, आपला सिग्नलवाला." ही खाली गेली. मराठी आणि हिंदी एकत्र करून तिचा तोच वर्ग सुरू झाला. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी आणून दिलेले त्याच्या आईच्या हातचे लोणचे आम्ही अजून खातो आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांची मुले बाहेर आहेत. ती तिथे रुळली, याचे श्रेय आपण त्यांच्या हुशारीला देतो, आणि ते खरेही आहे. पण पहिल्या आठवड्यात कोणीतरी त्यांनाही बटण दाखवले असेल. त्या माणसाचे आभार मानायला आपण काही तिकडे जाऊ शकत नाही. इथे मात्र काही करता येईल.

म्हणून माझी एक रीतसर सूचना आहे, पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावी. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून एक पानाचे एक पत्रक छापावे. पाणी केव्हा, कचरा कुठे, लिफ्ट कशी, पाहुण्यांची गाडी कुठे, रात्री कोणाला त्रास झाला तर फोन कोणाला करायचा. मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि शेजारी चित्रे. चित्रे काढायला त्या टाकीच्या कठड्यावर बसलेली मंडळी आहेत, त्यांना रंगीत पेन्सिली मी देतो. आणि नवीन बिऱ्हाड आले की ते पत्रक वॉचमनबरोबर पाठवू नये, आपल्यापैकी कोणीतरी स्वतः जाऊन द्यावे. सूचक मी आहे. अनुमोदन गॅलरीतूनच मिळालेले आहे.

पंधरा मिनिटे झाली. खाते बंद करतो.